माझं मशीन आणि तिचा सर्व्हर

इकडं या हो, जवळ बसा. दाराजवळच्या खुर्चीत असं टेकल्यासारखं काय बसलात, गाडी सुटायल्यावानी? आणि होतात कुठं इतके दिवस? परभणीत येता, कामं उरकता, आल्या पावली परत जाता, आणि वर मलाच विचारता, "काकू, हल्ली काही लिहिलं नाही?" अहो, समोर कुणी बसलं तर मला सुचतं. भिंतीशी बोलायची सवय नाही मला. पाय वर घ्या. हं, आता ऐका.

"सगळ्यांचं हाय की!"

असं म्हणून आमच्या ऑफिसातली ती पोरगी जेवायच्या सुट्टीत दोन्ही तळहातांनी आपला डबा टेबलाच्या मधोमध सरकवायची. डब्यात ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत एवढंच असलं तरी सरकवायची. तिथंच थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण त्याच हातांनी ती शेजारच्याचाही डबा मधे ओढायची. माझी शेंगदाण्याची चटणी मी छोट्या डबीत, पिशवीच्या तळाशी ठेवायची. ती डबी तिला वासानं सापडायची. "काकूंची चटणी आलीय रे," म्हणत झाकण उघडून मोकळी. लोक चटणी माझी खायचे आणि कौतुक तिचं करायचे. कसं वाटत असेल, सांगा.

तिचं नाव मी सांगणार नाही. ती वाचते, आणि नाव छापून आलं तर गावभर दाखवत फिरेल. तेवढं सुख तिला मी का द्यावं?

आमचं ऑफिस म्हणजे एका इंजिनिअर साहेबांचं. घरांचे नकाशे काढायचं काम. मी तिथं लागले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं रेघा मारायची. शिक्षण बेताचं, हात मात्र स्थिर. पुढं कॉम्प्युटर आला. मला कुणी क्लास लावला नाही. साहेबांच्या पाठीमागं उभी राहून बघितलं, ते जेवायला गेले की त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं, आणि शिकले. मग घराचं खऱ्यासारखं चित्र काढायचं सॉफ्टवेअर आलं. म्हणजे पाया खोदायच्या आधीच तुमचं घर उभं दिसतं. भिंतीवर ऊन, पोर्चखाली सावली, खिडकीच्या काचेत आभाळ. आपण सगळं मांडून द्यायचं, मग मशीन एकटं बसून ते रंगवतं. त्याला वेळ लागतो. त्याला आम्ही रेंडर लावणं म्हणतो. कुकर लावावा तसं.

हे सॉफ्टवेअर फक्त माझ्या मशीनवर होतं. ऑफिसातलं सगळ्यात दणकट मशीन ते. बाकीचे दोघं ड्राफ्ट्समन आपापलं काम पेन ड्राइव्हमधे घालून माझ्या टेबलाशी यायचे. "काकू, आमचं लावता का जरा?" मी चष्म्यावरून बघायची. आधी कुणाचं लावायचं, मागून कुणाचं, ते माझ्या मर्जीवर. रुबाब होता हो माझा!

पण खरी मजा त्या रुबाबात नव्हती. रेंडर लागलं की माझं मशीन दुसरं काही करू द्यायचं नाही, मग मला काम नाही आणि घरवाल्यांना घाई करून उपयोग नाही. नवरा-बायको, म्हातारी आई, जे कुणी आले असतील ते माझ्या टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसायचे. पडद्यावर चित्र चौकोनाचौकोनानं उमटायचं, आधी जिन्याचा तुकडा, मग गच्चीचा कठडा. आणि तेवढ्या वेळात माणसं बोलायची. काय काय बोलायची! थोरल्या जावेला वरचा मजला का नको. लेक माहेरी आली तर तिनं निजावं कुठं, आणि हे नवऱ्याला सांगावं कसं. एकदा एक आजोबा आले होते, बायको नुकतीच गेलेली. पडद्यावर खिडकी उमटली तेव्हा म्हणाले, "स्वयंपाकघराची खिडकी तिनं सांगितली होती तिथंच राहू द्या, बाई. आता तिथं कुणी उभं राहणार नाही, तरी राहू द्या."

असं माणूस एरवी बोलतं का? नाही बोलत. वाट बघताना बोलतं, काम झालं की उठून जातं. त्या वाट बघण्याची मी मालकीण होते. घरी मला बोलायला कुणी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग ती आली.

आली, पिशवी ठेवली, आणि पहिलं काय केलं असेल? माझ्या मशीनच्या पाठीवर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"लय तापलंय हो काकू हे. सगळ्या ऑफिसचं ओझं एकट्याच्या डोक्यावर. सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकू की. ज्याचं तो आपल्या टेबलावरून लावील."

सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीत, फायलींच्या कपाटाशेजारी ठेवलेला एक काळा डबा. सगळ्यांच्या टेबलावरून त्याला वायरी गेलेल्या. तोवर त्याच्यात नुसते जुने नकाशे पडलेले असायचे. मी म्हणाले, "घरात जातं असताना गिरणीवर कशाला जायचं?"

"जातं एकच हाय न काकू. अन् सगळं घर दळून घ्यायला तुमच्यापुढं उभं राहायलंय."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, आणि ते सहसा हसत नाहीत.

मी माझं सांगून बघितलं. "वायर उंदरानं कुरतडली की बसाल सगळे हात बांधून. माझ्या मशीनवर असलं तर कुणाच्या बापाची भीती नाही."

"मग मांजर पाळू, काकू. तेही सगळ्यांचं राहील."

साहेबांनी तिचं ऐकलं. काळ्या डब्यात नवं सामान बसवून घेतलं, सॉफ्टवेअरचा सामायिक परवाना घेतला. त्या ऑफिसात माझे केस पांढरे झाले, पण काकू, काय बदलावं वाटतं, असं कुणी मला विचारलं नव्हतं. तिचं मात्र आल्या आल्या ऐकलं. माझ्या जागी तुम्ही असतात तर जळला नसतात? खोटं बोलू नका, जवळ बसलात म्हणजे खरं बोलायचं.

माझ्या मशीनवरचं जुनं सॉफ्टवेअर काढून टाका, असंही साहेब म्हणाले. मी म्हणाले, राहू द्या, तुमच्या अंगणात मांडव घातलाय का त्यानं? ते राहिलं.

सर्व्हर सुरू झाला त्या दिवशी झरीचं एक कुटुंब आलं. बरी शेती असलेले दोघं भाऊ, त्यांच्या बायका आणि आई. घर मी मांडलेलं. जोत्याला दगड, सागवानी दार, दारापुढं तुळस. पण बटण दाबलं तिनं, तिच्या टेबलावरून. माणसं तिच्याभोवती गोळा झाली. आणि चित्र इतक्या झटकन आलं की चहा सांगितला होता तो अजून यायचाच होता.

बघितलं तर जोतं राखाडी, पत्र्यासारखं. दार कोरं. आणि तुळशीच्या जागी उभी काळी पाटी.

म्हातारीनं हात जोडले. "आगं माय! तुळस जळाली का काय?"

थोरला भाऊ साहेबांकडं बघायला लागला. "घराचं पहिलं दर्शन असं व्हावं का, साहेब?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. झालं होतं असं, की दगडाचे, सागवानाचे, तुळशीचे फोटो मी एकेक करून जमवलेले, आणि ते होते माझ्या मशीनच्या पोटात. मागच्या खोलीतल्या डब्याला ते कसे सापडणार? तो आपल्याच पोटात शोधत बसला, मिळालं नाही तिथं काळं करून मोकळा झाला. घर हलवताना सामानही हलवावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तेच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुढं झाली.

"साहेब, चूक माझी हाय. काकूंना सांगायचं मीच विसरले." आणि म्हातारीच्या खुर्चीशी खाली बसून तिचे हात हातात घेतले. "आजी, तुळस काकूंकडं हाय, हिरवीगार. कायबी झालं न्हाई तिला. आत्ता घेऊन येते."

तिनं माझे फोटो डब्यात हलवले, पुन्हा रेंडर लावलं, तुळस आली. म्हातारीनं पडद्यालाच हात लावून नमस्कार केला. जाताना धाकटी सून माझ्याजवळ येऊन काय म्हणाली असेल? "किती मोठ्या मनाच्या हायत हो त्या ताई. चूक आपल्या अंगावर घेतली."

बघा म्हणजे. दगड माझा, सागवान माझं, तुळस माझी, आणि मोठं मन तिचं! बोलणी बसायची ती मला बसायला हवी होती की नाही? निदान बोलणी तरी माझी होती. तीसुद्धा तिनं टेबलाच्या मधोमध ओढली.

मग मीही माझी हिकमत काढली.

त्या सामायिक परवान्यात एका वेळी दोघांनाच सॉफ्टवेअर उघडता यायचं. तिसऱ्यानं उघडलं की पडद्यावर पाटी यायची, जागा नाही. आता जन्मभर एसटीनं फिरलेल्या बाईला ह्यात शिकवायचं काय राहतं? बस फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. मी सकाळी ऑफिसात आले की पदर सारखा करायच्या आधी सॉफ्टवेअर उघडायची. काम असो नसो. जेवायला बसले तरी उघडं, बँकेत गेले तरी उघडं. माझा रुमाल पडला म्हणजे पडला.

ड्राफ्ट्समन कुरकुर करायला लागले. "काकू, तुमी तर नुसता नकाशाच काढायलात. मग हे कामून उघडं ठेवलंय?"

"लागलं म्हणजे?"

"लागल्यावर उघडा की."

"आणि तेव्हा तू बसलेला असलास म्हणजे?"

तिला माझी हिकमत पहिल्याच दिवशी कळली होती. तिच्या डोळ्यांत दिसलं मला. पण ती साहेबांकडं गेली नाही, मला टोमणा मारला नाही. तिनं आपलं सॉफ्टवेअर बंद केलं, ती जागा त्या दोघांना दिली, आणि आपली खुर्ची घरंगळत माझ्या टेबलाशी आणली.

"सरका काकू जरा. तुमच्या सीटवर मी अर्धी टेकते."

तेव्हापासून एका मशीनवर दोघी. तिचं कोपर माझ्या कोपराला, तिच्या बांगड्यांचा आवाज माझ्या कानाशी. भांडणं तर किती! मी घरावर नेहमी सकाळचं ऊन घालायची. सकाळी घर नुकतं न्हाल्यासारखं दिसतं. ती म्हणायची, "संध्याकाळचं घाला काकू. माणसं संध्याकाळी घरी येतात. येताना जसं दिसतं तेच घर." मी संध्याकाळ पुसून सकाळ करायची, पाणी प्यायला उठले की ती सकाळ पुसून संध्याकाळ करून ठेवायची. पिंगळीच्या एका मास्तरांना आम्ही दोन्ही चित्रं दाखवली. मास्तर दोन्हींकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "संध्याकाळचं बरं वाटतं." जाताना तिलाच पेढा देऊन गेले. मला दिला, पण तिच्यानंतर.

आणि त्याहून वाईट सांगते. घरवाले आता तिला शोधत माझ्या टेबलाशी यायला लागले. टेबल माझं, खुर्च्या माझ्या, मशीन माझं, आणि बसलेल्यांची तोंडं तिच्याकडं. मी एक बटण दाबून सॉफ्टवेअर बंद केलं असतं तर एक जागा मोकळी झाली असती आणि तिला आपल्या टेबलाशी परत जावंच लागलं असतं. मी नाही दाबलं. का ते विचारू नका, मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. उलट रुमाल आणखी घट्ट धरून ठेवला.

एक दिवस ऑफिसात फारसं कुणी नव्हतं. ती नेहमीसारखी येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, माझं घर लावता का?"

"तुझं घर? कुठं?"

"देवगाव फाट्याला. जुनं पाडून बांधायलोत. नकाशा मी केलाय. चित्र तुमी लावा."

नवऱ्याचं तिथं रस्त्याला दुकान आहे, हे मला माहीत होतं. ती इथं खोली करून राहायची आणि सुट्टीला तिकडं जायची. मी सर्व्हरवर टाकायला गेले, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"तिथं नको. ते जुनं हाय न तुमच्या मशीनवर, त्याच्यावर लावा."

"का गं? तुझा लाडका ना तो डबा?"

"तिथं पटकन निघतं, काकू. मला बसायचंय."

मी तिच्याकडं बघितलं. जुनं सॉफ्टवेअर उघडलं, तिचं घर मांडलं. सागवान लावलं, तुळस ठेवली. तिला न विचारता संध्याकाळचं ऊन घातलं. पुढच्या ओट्यावर दोन खुर्च्या ठेवल्या.

"दोन कामून?"

"एक माझी."

रेंडर लागलं. पंखा घरघरायला लागला. ओट्याचा एक कोपरा उमटला, आणि मग ती बोलायला लागली.

सासूच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. आज नाही, ती ह्या ऑफिसात लागायच्या आधीच. तेव्हा धाकटी नणंद सांभाळत होती, आता तिचं लग्न ठरलं. नवऱ्याला दुकान सोडता येत नाही. "लागले त्याच दिवशी ठरवलं होतं काकू, की काम तिथून करता आलं पायजे. न्हाईतर आज ना उद्या सोडावं लागणार. नोकरी मला सोडायची नव्हती. घरात माझं म्हणून तेवढंच हाय." सर्व्हर असला की नेटवरून त्याला कुठूनही काम देता येतं. म्हणून आल्या आल्या तिनं माझ्या मशीनवर हात ठेवला होता.

"म्हणजे ते सगळ्यांचं, सगळ्यांचं म्हणायचीस ते?"

"सगळ्यांचं होतंच की," ती डोळे पुसत हसली. "पण आधी माझं."

खरं सांगू? मला इतकं बरं वाटलं! एवढे दिवस मी तिच्या मोठ्या मनावर जळत होते, आणि हिचाही एक रुमाल होताच. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती ओरडली, मग दोघी हसत सुटलो. तोवर घर पूर्ण झालं होतं. तरी ती लगेच उठली नाही.

साहेबांनी तिला परवानगी दिली. ती देवगाव फाट्याला गेली. आता तिथून काम करते, आणि चांगलं करते; सासूच्या खाटेशेजारी टेबल मांडलंय म्हणे. सर्व्हरवर कुणाचं काम लागलंय ते आम्हाला सगळ्यांना दिसतं. सकाळी मी येऊन बघते तर तिचं नाव आधीच वर लागलेलं. सीट अडवायला माझ्यापेक्षा लवकर उठते, बघा. दिवसभर ते नाव असं दिसत राहतं, आणि शेजारची खुर्ची रिकामी. घरवाले आता येतही नाहीत फारसे. चित्र त्यांच्या मोबाइलवर जातं, तिकडंच त्यांचं "छान आहे" म्हणून होतं. त्या काळ्या डब्यानं आधी माझी माणसं नेली आणि मग तिलाही नेलं. तिची नोकरी राहिली, हे चांगलंच झालं. तेवढं समजतं मला.

मागं तिनं नव्या घराचा फोटो पाठवला. ओट्यावर खुर्च्याच खुर्च्या, शेजारच्या बाया बसलेल्या, मधोमध सासूबाईंची खाट, आणि हिच्या हातात परात. परातीत काय आहे ते मोठं करून बघितलं, तर शेंगदाण्याची चटणी. माझी खुर्ची कोणती ते काही कळेना, सगळ्यांवर कुणी ना कुणी बसलेलं. मी फोटो बंद केला आणि त्या बायांवर मनापासून जळले. तोंडओळख नाही, नाव माहीत नाही, तरी जळले. आधी हिच्यावर जळायची, आता हिच्यासाठी जळते. सुटका नाही.

तर तुम्ही ऐकलंत, तुमचं झालं. चहा घेऊनच उठा. पुढचं तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. पोरी, हे वाचत असशील तर त्या बायांना म्हणावं, जरा सासूबाईंजवळ बसा, आणि तू ये. संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन असं ठरवून येऊ नकोस, मुक्कामाचं ये. तुझ्यासारखं मला नेटवरून बसता येत नाही, मला माणूस शेजारी लागतं. ये बाई, लवकर ये.